म्यूल डियर, बारा हजार फुटांवर: परवान्यापासून फ्रीझरपर्यंत, माझा अनुभव

कोलोराडोच्या सॅन हुआन पर्वतरांगेत साधारण साडेअकरा हजार फुटांवर झाडं संपतात. त्याच्या वर गवत, कमरेएवढी विलोची झुडपं, घसारा आणि कातळ. म्यूल डियर या हरणांचे मोठे नर उन्हाळा इथेच काढतात, बहुतेक वेळा दोन-चार जणांच्या टोळक्यानं. आडोसा कमी असल्यामुळे ते दिसतात लवकर, पण आपणही त्यांना तितकेच लवकर दिसतो. इथे शिकार हुकते ती बहुतेक वेळा नेमबाजीमुळे नाही, तर चुकीच्या तासाला जागेवरून उठल्यामुळे. ऊन सरकतं तसा दरीतला वारा दिशा बदलतो. तो हिशेब जमला नाही तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

पण सुरुवात होते कागदांपासून. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं कार्ड लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट आधीच सांगतो. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणून क्रम असा: आधी कार्ड, मग परवाना, मग बंदूक. ग्रीन कार्ड असेल तर बंदुकीसाठी परवान्याची ही अट नाही. धनुष्यबाणाला हा कायदा लागत नाही, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. राज्याचा रहिवासी म्हणून स्वस्त परवाना हवा तर सलग सहा महिने कोलोराडोत राहिलेलं असावं लागतं.

हरणाचे परवाने इथे सोडतीनं मिळतात. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. अर्जात चार पसंती देता येतात, पण साठलेले प्रेफरन्स पॉइंट फक्त पहिल्या पसंतीसाठी वापरले जातात. पहिली पसंती हुकली तर पुढच्या वर्षासाठी एक पॉइंट जमा होतो. वन्यजीव खातं दरवर्षी कुठल्या हंट कोडला (भाग, हंगाम आणि शस्त्र ठरवणारा क्रमांक) किती पॉइंट लागले याचा तक्ता प्रसिद्ध करतं. मी मागच्या तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवतो, कारण एका वर्षाच्या आकड्यावर विसंबलं तर फसगत होते. झाडांच्या वर शिकार करायची असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येणारा हाय कंट्री रायफलचा छोटा हंगाम सर्वांत चांगला. तो मोजक्याच भागांत असतो आणि त्याला बरेच पॉइंट लागतात. ऑक्टोबरच्या हंगामापर्यंत बर्फ पडायला लागलेला असतो आणि नर खाली झाडीत उतरलेले असतात.

जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये मी पाहणीला जातो, तेही रायफलशिवाय. तेव्हा नरांच्या शिंगांवर मखमल असते आणि अंगावर तांबूस उन्हाळी केस. सकाळच्या उन्हात तो तांबूस रंग हिरव्या उतारावर मैलभरावरूनही उठून दिसतो. सप्टेंबर लागता लागता केस राखाडी होतात आणि तेच जनावर घसाऱ्यातल्या दगडासारखं दिसायला लागतं. महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मखमल गळते, त्यानंतर नर झुडपांच्या जवळ सरकतात आणि उघड्यावर कमी वेळ थांबतात. म्हणून हंगामाचे पहिले तीन-चार दिवस सोन्याचे. पाहणीत मी नरांपेक्षा पाणी कुठे आहे, बर्फाचा शेवटचा पट्टा कुठे वितळतोय आणि खाली उतरायला कुठली नाळ (डोंगरातली अरुंद घळ) माणूस ओझ्यासकट उतरू शकेल अशी आहे, याची जास्त नोंद ठेवतो. ड्रोन वापरायला कोलोराडोत सक्त मनाई आहे.

उंचीबद्दल थोडं. कळसूबाई १,६४६ मीटर, डेन्व्हर शहर त्याच्यापेक्षा थोडंसंच खाली. शिकारीचा तळ पडतो साडेतीन हजार मीटरच्या आसपास. डेन्व्हरला राहणाऱ्यालाही वर पहिले दोन दिवस डोकं धरतं, तर पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून थेट येणाऱ्यानं एक रात्र नऊ हजार फुटांच्या आसपास काढूनच वर जावं. बारा हजार फुटांवर पाणी ८८ अंश सेल्सिअसला उकळतं. तांदूळ कच्चट राहतो आणि डाळ तर शिजतच नाही. मी घरूनच जाड पोहे भाजून, त्यात फोडणी, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि मीठ घालून पुड्या बांधतो. दीड वाटी पोह्यांवर पाऊण वाटी गरम पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं की झालं. गॅसही वाचतो. पाण्याच्या फिल्टरचं मात्र रात्री भान ठेवा. आत पोकळ तंतू असलेला फिल्टर ओला असताना एकदा गोठला की तंतू तडकतात. बाहेरून काही कळत नाही, पण तो निकामी झालेला असतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं.

आता दुर्बिणीचं काम. माझ्याकडे गळ्यात १०x४२ आणि ट्रायपॉडवर लावायला १५x५६ असते. हातात धरलेल्या दुर्बिणीतून चालणारं जनावर दिसतं, बसलेलं दिसत नाही. ट्रायपॉडवर चित्र स्थिर असलं की कान हललेला दिसतो, आणि म्यूल डियरचे कान खेचरासारखे मोठे असतात, म्हणून तर हे नाव. उजाडायच्या आधी अर्धा तास जागेवर असावं, शक्यतो पाठीशी पूर्व ठेवून, म्हणजे ऊन समोरच्या उतारावर पडतं आणि आपल्या काचेवर नाही. धारेवर आकाशाच्या रेषेत बसू नये, दहा-पंधरा फूट खाली उतरून दगडाला पाठ लावावी. उतार डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्यानं वाचायचा, शेतात पेरणी करावी तसा, एकही पट्टा न सोडता.

नर सकाळी आठ-नऊपर्यंत चरतात आणि मग बसतात. बसायची जागा ठरलेली: कातळाच्या पायथ्याशी किंवा खुरट्या झुडपांच्या कडेला, पाठीमागे भिंत, समोर सगळी दरी उघडी. तो बसताना दिसला की लगेच निघायचा मोह होतो, आणि बहुतेक शिकार इथेच संपते. त्या वेळी थंड हवा अजून उताराखाली वाहत असते. वरून गेलात तर तुमचा वास थेट त्याच्या नाकात, खालून गेलात तर तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर. ऊन उतारावर नीट तापेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-साडेदहापर्यंत, थांबायचं. मग हवा वर चढायला लागते आणि वरच्या बाजूनं जाता येतं. मी बिनवासाच्या पावडरीची छोटी बाटली खिशात ठेवतो आणि दर पाचेक मिनिटांनी एक फुंकर सोडतो. पावडर सलग अर्धा तास वर गेली तरच निघतो.

दुसरं कारण थांबण्याचं: सावली सरकते. पहिली जागा उन्हात आली की नर अकरा ते एकच्या दरम्यान उठतो, आळस देतो, दहा-वीस पावलं जातो आणि पुन्हा बसतो. ही दुसरी बैठक जास्त वेळ टिकते. जायचं ते दुसऱ्या बैठकीवर.

निघण्याआधी स्पॉटिंग स्कोपला (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) फोन लावून त्या जागेचा फोटो घ्या आणि त्यावर बाणाची खूण करा. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण त्यावर सगळं अवलंबून असतं. पलीकडच्या बाजूनं, वरून खाली बघताना तोच उतार पूर्णपणे अनोळखी वाटतो. समोरून ठळक दिसणारा पांढरा दगड वरून दिसतच नाही. फोटोत त्याच्या वरच्या बाजूची एखादी खूण हवी: कातळातली भेग, एकटं झुडूप, गंजलेल्या रंगाचा पट्टा.

मधेच ढगानं उतार झाकला तर जिथे असाल तिथेच बसा. पाच मिनिटांच्या सावलीतही हवा पुन्हा खाली वाहायला लागते. सगळं नीट चाललेलं असताना जनावर अचानक उठून चारही पायांवर उसळ्या मारत निघून गेलं, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. शेवटच्या दीडशे यार्डांत मी बूट काढून जाड लोकरी मोज्यांवर चालतो, कारण घसाऱ्यात बुटाचा आवाज फार दूर जातो. पाऊस-विजांची वेळ दुपारी एकनंतरची. गडगडाट ऐकू आला की धार सोडून खाली यायचं, नर समोर असला तरीही.

रायफलबद्दल नियम असा: कॅलिबर (गोळीचा व्यास) किमान .२४ इंच, आणि हरणासाठी पसरणारी गोळी किमान ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. .२७० विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर पुरेशी होते. मी तांब्याची गोळी वापरतो, मांसात शिशाचे कण नकोत म्हणून. रायफल हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी बंधनकारक आहे. विरळ हवेत गोळी खाली कमी पडते, त्यामुळे शहरात लावलेला रायफलचा शून्य (गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी जुळणी) वर एकदा तपासून घ्यावा. त्याहून मोठी चूक होते तीव्र उतारावर. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) ३०० यार्ड दाखवत असेल तर गोळीच्या पडण्यापुरतं अंतर २६० यार्डच असतं. ३०० चा हिशेब धरला तर गोळी पाठीवरून जाते. कोन मोजून सुधारलेला आकडा देणारा रेंजफाइंडर घ्या. ३०० यार्डांपलीकडे मी झाडत नाही, आणि पाठपिशवीवर रायफल टेकवून आडवं पडता आलं तरच झाडतो. वरून नेम धरताना गोळी पलीकडून कुठे बाहेर पडेल ते डोळ्यांसमोर आणून नेमाची जागा ठरवायची.

आणि नर कड्याच्या काठाशी असेल तर थांबायचं. तो दोनशे फूट कोसळला तर मांसाची चटणी होते, आणि तिथपर्यंत पोहोचता येईलच असं नाही.

जनावर पडल्यावर वीस मिनिटं हलू नका. मग जवळ जाऊन परवान्याच्या टॅगवर तारीख आणि सही करा, तो मांसासोबत राहिला पाहिजे. उतारावर आधी शिंगं आणि एक पाय दोरीनं दगडाला बांधा, नाहीतर कापताना धड खाली घरंगळतं. पोट न फोडता मांस काढायची पद्धत इथे उत्तम. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावर एक चीर द्यायची, सुरी कातडीच्या आतून बाहेर धरून, म्हणजे केस कापले जात नाहीत. हे केस पोकळ असतात आणि मांसाला चिकटले की निघत नाहीत. कातडी पोटाकडे सोलत आणायची. पुढचा पाय सांध्यानं जोडलेलाच नसतो, फक्त स्नायूंनी धरलेला असतो. एका हातानं तो वर उचलायचा, फऱ्याच्या मागून सुरी फिरवायची, की अख्खा पाय हातात येतो. मागच्या पायाला खुब्याचा गोळा सापडेपर्यंत हाडालगत कापायचं आणि आतला दोर तोडायचा. मग पाठीची लांब पट्टी, मान, आणि शेवटच्या बरगडीच्या मागून हात घालून आतली मऊ पट्टी. मग धड उलटं करून तेच पुन्हा. एकट्याला दोन तास लागतात. मागच्या एका पायावर लिंगाचा पुरावा म्हणून वृषण जोडलेलाच ठेवावा लागतो, हे घाईत विसरतं. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला गडद केसांची ग्रंथी असते, तिला लागलेला हात किंवा सुरी मांसाला लावू नये.

मांस खराब होतं ते उष्णतेनं, आणि आधी मागच्या मांडीत, हाडालगत. म्हणून पाय लगेच सुटे करून सुती जाळीदार पिशव्यांत, सावलीत, वारा लागेल असे टांगायचे. प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको, उष्णता आणि ओल आत कोंडते. सप्टेंबरच्या रात्री वर शून्याच्या जवळ जातात, त्यामुळे रात्रभर हाडासकट टांगून सकाळी हाडं काढली तरी चालतं. तळापासून शंभर मीटर दूर टांगा. इथे काळी अस्वलं आहेत. ग्रिझली नाहीत, राज्यातलं शेवटचं याच पर्वतरांगेत १९७९ मध्ये मारलं गेलं.

मोठ्या नराचं हाडाशिवाय मांस तीस-पस्तीस किलो भरतं. त्यात डोकं, तंबू आणि रायफल मिळवली की एकट्यानं दोन फेऱ्या ठरलेल्या. वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्यानं राखलेल्या रानात, १९६४ च्या कायद्यानुसार चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही, म्हणजे पाठ किंवा घोडा. पहिल्या फेरीत मांस, दुसऱ्या फेरीत तळ आणि शिंगं. उलटं करू नका. म्हणूनच गाडीपासून पाच मैलांच्या आत आणि माहीत असलेल्या नाळेच्या वर असेल तरच मी नरावर नेम धरतो, संध्याकाळी चारनंतर दिसलेल्यावर सहसा नाहीच.

शेवटचं काम डोक्याचं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, होणारा हरणांचा जीवघेणा रोग. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोराडोतच, बंदिस्त म्यूल डियरमध्ये लक्षात आला. घशामागच्या लसिका ग्रंथींवरून तपासणी होते, म्हणून डोकं तपासणी केंद्रात द्यावं लागतं. काही भागांत ती सक्तीची असते, बाकी ठिकाणी ऐच्छिक. मी दर वेळी करतो. पाठीचा कणा आणि मेंदू कापत नाही, आणि दोन जनावरांचं मांस एकत्र खिमा करत नाही. पाकिटांवर तारीख, भाग आणि तपासणी क्रमांक मार्करनं लिहून फ्रीझरच्या खालच्या खणात ठेवतो. निकाल येईपर्यंत त्या खणातलं एकही पाकीट उघडायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं.