ओल्या पट्टीला तारीख मिळेना: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी पीएलजीए या पाण्यात हळूहळू विघटन होणाऱ्या पॉलिमरच्या पट्ट्या पाण्यात किती दिवस ताकद धरतात, ते मला मोजायचं होतं. शरीरात विरघळणारे टाके आणि स्क्रू याच जातीच्या पॉलिमरचे. पट्ट्या, ७.४ पीएचचं फॉस्फेट बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण), ३७ अंशांचा इन्क्युबेटर, सगळं कॉलेजातच जमलं. अडलं ते ताण-चाचणीला, म्हणजे पट्टी यंत्रात ओढून तिची ताकद मोजायला.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागाकडे चौकशी केली तर यंत्रं धातू ओढणारी. १०० किलोन्यूटनच्या लोडसेलवर (जोर मोजणाऱ्या भागावर) माझ्या पट्टीचा जोर नीट कळणार नाही. लहान लोडसेलची एक प्रयोगशाळा सापडली, पण अर्जावर छापलेलं: ‘नमुना कोरडा असावा’. ओला चालेल का, हे ठरवणारे साहेब जागेवर नाहीत. भेटले तेव्हा म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा. पत्र नेलं, तर त्यात ‘ओला’ असा उल्लेख नाही म्हणून परत. मग पुढची तारीख.

इकडे बफरमध्ये पाणी पॉलिमरच्या साखळ्या जोडणारे एस्टर बंध तोडतच असतं. साखळ्या तुटून आखूड होतात, ताकद जाते आणि वजन मात्र बराच काळ तेवढंच दिसतं. पॉलिग्लॅक्टिन ९१० या याच जातीच्या पॉलिमरच्या टाक्यात तीन आठवड्यांनी साधारण निम्मीच ताकद उरते, पण तो पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे चौथ्या आठवड्याची पट्टी सहाव्यात ओढली, तर आकडा चौथ्याचा राहतच नाही. ‘वाळवून ठेवा ना,’ असंही सुचवलं गेलं. मला फार राग आला. आत मुरलेलं पाणी पीएलजीएला मऊ करतं, त्याचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर ते मऊ होतं) खाली शरीराच्या तापमानाजवळ आणतं. वाळवलेली पट्टी कडक होते, आणि टाका तर शरीरात ओलाच असतो.

शेवटी तिथल्या तंत्रज्ञ काकांनी स्वतः साहेबांकडे शब्द टाकला, यंत्राच्या जबड्यांखाली ट्रे ठेवला आणि चाचणी लावून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही.

तुम्ही करणार असाल तर आधी यंत्राची तारीख लेखी घ्या, पट्ट्या बफरमध्ये त्यानंतरच टाका. पत्रात ‘ओला नमुना, ३७ अंश’ असं स्पष्ट लिहा, एएसटीएम एफ१६३५ या अशा विघटन-चाचणीच्या मानकाचा क्रमांकही द्या. डिसेंबरात नाशिकच्या गार खोलीत पट्टी लगेच निवते आणि कडक होते, म्हणून थर्मासमध्ये कोमट बफरसकट न्या, काढली की लगेच ओढा. आणि हो, पट्ट्या सारख्याच जाडीच्या हव्यात: जाड तुकड्यात आम्ल आत अडकतं आणि तो गाभ्यातून लवकर पोखरला जातो. बफरचा पीएच तपासत राहा, उतरला की बदला.