गवताखालची वाळू: नेब्रास्काच्या सँडहिल्समधून सायकलवर एक दिवस

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर-मध्य भागात सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या आहेत. पाच जिल्ह्यांच्या आपल्या पुणे विभागाहून थोडा लहान एवढा हा प्रदेश, आणि जवळजवळ सगळा गवतानं झाकलेला. याला सँडहिल्स म्हणतात. जूनमध्ये मी इथल्या हायवे २ वरून एकटी सायकलनं हाल्सीहून हायॅनिसला गेले. अंतर सव्वाशे किलोमीटर, वाटेत गावं चार.

मुक्काम हाल्सीजवळच्या जंगलात होता. गवताच्या या मुलखात जंगल आलं कुठून, तर ते माणसांनी हातानं लावलंय. चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा आग्रह होता की या टेकड्यांवर पाइन वाढवता येतील, वस्तीला येणाऱ्यांना लाकूड मिळेल. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जमीन राखून ठेवली आणि तिथे रोपवाटिका सुरू झाली. ती आजही चालू आहे. सुमारे २०,००० एकरांवर झाडं लागली. झाडं लावण्याचा 'आर्बर डे'सुद्धा याच राज्यानं १८७२ मध्ये सुरू केला. झाडांविषयी इथे खरी आस्था आहे, हे आधी सांगते, कारण पुढे मी गवताची बाजू घेणार आहे.

सकाळी सहाला निघाले. जंगल मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना टेकड्याच टेकड्या. सायकलवरून जमिनीची घडण कळते, तशी गाडीतून कळत नाही. एका बाजूला तिरका चढ, दुसऱ्या बाजूला एकदम उतार, मधे सखल पट्टा, पुन्हा तेच. या वाऱ्यानं रचलेल्या टेकड्या आहेत, काही १०० मीटरहून उंच. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळात गवत गेलं होतं आणि ही वाळू चालू लागली होती. पाऊस परतला, गवत परतलं, वाळू थांबली. आजही जिथे गुरांच्या खुरांनी किंवा चाकांनी मुळं उखडतात, तिथे फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तशी वाळू बाहेर येते, आणि वारा तो खड्डा मोठा करत नेतो. असे खड्डे बुजवायला रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, त्यात जुने टायर आणि खराब झालेला चारा टाकतात. रस्त्यावरून मला असे दोन-तीन दिसले.

गवत म्हणजे एकच हिरवा रंग नाही. सँड ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, सँडरीड, मधेच युक्काचे टोकदार झुबके. लिटल ब्लूस्टेम आणि आपल्याकडचं मारवेल एकाच गोत्रातलं, त्यामुळे उतरून हातात घेतलं तेव्हा फार परकं वाटलं नाही. कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे मेडोलार्क गात होते. एका खांबावर अपलँड सँडपायपर उतरला आणि क्षणभर पंख तसेच वर धरून उभा राहिला. हा पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काढतो. एका गवतातून दुसऱ्या गवतात, मधे हजारो किलोमीटर! डांबरावर पिवळ्या रेघांच्या पाठीची छोटी कासवं होती. एकाला उचलून ते ज्या दिशेनं चाललं होतं त्याच बाजूला ठेवलं.

पाऊस इथे वाहून जात नाही, थेट वाळूत मुरतो. खाली ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे. रस्त्याच्या सोबतीनं वाहणारी मिडल लूप नदी मुख्यतः त्यातून येणाऱ्या झऱ्यांवर चालते, म्हणून तिचं पाणी वर्षभर जवळपास सारखं असतं. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटावं! टेकड्यांमध्ये पवनचक्क्या संथपणे पाणी उपसून गुरांच्या टाक्या भरत असतात.

थेडफर्ड सोडल्यावर वारा वाढला. नैर्ऋत्येकडून, सतत. चढ तर डोळ्यांना जाणवतही नाही, पण हायॅनिस हाल्सीपेक्षा जवळपास ३०० मीटर उंच आहे. शेजारच्या रुळांवरून वायोमिंगचा कोळसा वाहणाऱ्या शंभराहून जास्त डब्यांच्या मालगाड्या जात होत्या.

मलनच्या अलीकडे घड्याळ एक तास मागे जातं. मलन हे हूकर काउंटीतलं (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा भाग) एकमेव गाव. सुमारे १,८७० चौरस किलोमीटरची ही काउंटी, आणि लोकसंख्या सातशेच्या आसपास. सावलीत बसून टॉर्टियात शेंगदाण्याची चटणी गुंडाळून खाल्ली.

इतकी कमी माणसं का, त्यामागे एक कायदा आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला १६० एकर मिळत. मूळ रहिवासी पॉनी आणि लाकोटा लोकांकडून गेलेलीच ही जमीन. वाळूत १६० एकरांवर भागेना, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्यानं ६४० एकर देऊ केले. लोक आले, नांगर घातला, वाळू उडाली. बहुतेकांनी जमिनी रँचवाल्यांना विकल्या. हे गवत टिकलं ते मुख्यतः नांगर चालला नाही म्हणून.

व्हिटमनच्या आसपास मागचं चाक बसलं. टायरमध्ये चक्क सराटा! आपल्या बांधावरचाच, माणसांबरोबर इथे पोहोचलेला. ट्यूब बदलत असताना एक पिकअप थांबली. साठीचे गृहस्थ होते. "पाणी पुरेल ना तुला?" एवढंच आधी विचारलं. मग टेकडीवरच्या गडद हिरव्या ठिपक्यांकडे बोट दाखवून मी विचारलं, ती झाडं लावलेली का? "नाही, सीडर. आपोआप येतात. लहान असताना बुंध्याशी कापलं की पुन्हा फुटत नाही. थांबलं की मग यंत्र आणावं लागतं." सीडर म्हणजे इथलं एक सदाहरित सूचिपर्णी झाड. पूर्वी वणवे ही झाडं आटोक्यात ठेवत. आता शेजारी-शेजारी मिळून वसंतात ठरवून गवत जाळतात. झाडं वाढली की गवत जातं, त्यावर जगणारे पक्षी जातात, आणि मोठी आग लागली तर ती आवरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये हाल्सीच्या जंगलाला लागलेल्या आगीत मुलांच्या शिबिराच्या इमारती जळाल्या.

म्हणून सांगते, माळावर सरसकट झाडं लावू नका. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, मोहोळ, नान्नजचे माळ कुसळी, पवन्या, मारवेलचे आहेत. तिथे काळवीट, लांडगा, धाविक पक्षी राहतात, धनगरांची मेंढरं चरतात. तिथल्या १९७९ च्या माळढोक पक्षी अभयारण्यात आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे झटपट वाढणारं परदेशी झाड लावलं की फोटोत हिरवं दिसतं, पण माळढोकाला हवा असतो तो मोकळा माळ. पुढच्या पावसाळ्यात गावात वृक्षारोपणाची बैठक भरली, तर जागा निवडण्याआधी तिथे चारणाऱ्या मेंढपाळाला बोलवा.

कुणाला हा रस्ता करायचा असेल तर: पाणी थेडफर्ड आणि मलनला भरून घ्या, मलननंतर हायॅनिसपर्यंत भरवसा धरू नका. सराट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, हवाच. कडेची पट्टी काही ठिकाणी अगदी अरुंद आहे, आरसा लावा. आणि जमलं तर एप्रिलमध्ये या, कारण तेव्हा पहाटे प्रेअरी चिकन या कोंबडीसारख्या रानपक्ष्याचे नर माळावर जमून नाचतात. मी येत्या एप्रिलसाठी रजा टाकली आहे.