पाणी बंद झाल्यावर

कालव्याचा फोटो म्हटलं की भरून वाहणारा पाट डोळ्यांपुढे येतो. काठोकाठ पाणी, अलीकडे-पलीकडे केळीच्या बागा, मागे सातपुडा. दिसायला देखणं, पण पक्ष्यांच्या हिशेबानं भरलेला पाट म्हणजे बंद दुकान. गढूळ पाण्यात खंड्याला मासा दिसत नाही, आणि खोल पाण्यात बगळ्याला पाय टेकता येत नाही. गर्दी होते ती आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, संपल्यावर. वरून पाणी तोडलं की तळाशी डबकी उरतात, मासोळ्या त्यांत अडकतात आणि ढोकरी, गायबगळे, पाणकावळे पंगतीला येऊन बसतात. म्हणून जळगावकडचा हतनूरचा कालवा असो की गिरणेवरचा जामद्याचा, मोबाइलवर सूर्योदय बघण्याआधी पाटकऱ्याला विचारावं, "भाऊ, पाणी कधी बंद होणार?" पुढचे चार-पाच दिवस आपले.

या पंगतीतला खरा कलाकार म्हणजे कवड्या खंड्या. काळा-पांढरा, आणि शिकारीआधी पंख फडफडवत हवेत एका जागी थांबणारा. थांबताना त्याची चोच वाऱ्याकडे असते. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं: वारा आपल्या पाठीवर यावा असं उभं राहायचं, म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे येतं. नाहीतर सकाळभर शेपट्याच मिळतात. थांबलेला असताना शटरचा वेग १/१६०० सेकंद पुरतो. सूर मारताना १/२५०० सुद्धा कमीच वाटतो. सावलीतल्या काळपट पाण्यावर कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि पोटाचा पांढरा भाग चुन्यासारखा जळतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्यावं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). बगळ्यालाही हेच. कोतवाल किंवा पाणकावळा मागच्या उजळ आकाशावर आला की उलट, एक स्टॉप वर.

यावल-चोपड्याच्या बाजूला कालव्याच्या भरावावरून हिवाळ्यात सकाळी पश्चिमेकडे चालावं. सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे ऊन पाठीमागून, थोडं डावीकडून येतं आणि उजव्या हाताच्या सातपुड्याच्या घड्या उठून दिसतात. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला तर डबक्यावरची चकाकी जाते, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो. पक्षी दिसला की तो काढायचा. साडेनऊनंतर काँक्रीट तापू लागतं आणि लांबच्या फोटोत सगळं हलतं. लोक त्यासाठी लेन्सला शिव्या देतात. दोष तापलेल्या हवेचा असतो. शटर वाढवून तो जात नाही, पक्ष्याच्या जवळ जावं लागतं किंवा घरी.

जवळ जाण्यातही मेख आहे. भरावावरून फोटो काढला की पक्ष्याचं टक्कल तेवढं येतं, म्हणून खाली उतरण्याचा मोह होतो. पाट वाहता असेल तर काँक्रीटच्या उतारावर अजिबात उतरू नये. शेवाळावरून पाय सटकला की धरायला काही नसतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. बंद पाटातही पायऱ्यांनीच उतरावं, ओल्या गाळापासून लांब बसावं. तिथं तिपाई अडचणीचीच होते. त्यापेक्षा जुन्या जीन्सची तंगडी शिवून तिच्यात दीड-दोन किलो दादर ज्वारी भरावी. लेन्स तिच्यावर घट्ट बसते. काठोकाठ मात्र भरू नये, नाहीतर ती दगड होते.

अस्तर नसलेल्या मातीच्या काठात फेब्रुवारीपासून वेड्या राघूची बिळं दिसू लागतात. बिळाच्या माथ्यावर उभं राहिलं की माती ढासळते. पंधरा-वीस पावलं मागं बसलं की राघू चोचीत चतुर घेऊन आधी जवळच्या तारेवर टेकतो, इकडंतिकडं बघतो, तो तारेवर आपटून मग आत शिरतो. फोटो तारेवरचा घ्यायचा.

साक्रीकडे पांझरा नदीवरच्या फडांचे, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे, पाट त्या मानानं बारके आणि सावलीचे. तिथं चारशे मिमीच्या लेन्सपेक्षा पस्तीसची बरी, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) सोळाशेच्या खाली आणायचा हट्ट नको.