बेळगाव ते फ्रँकफर्ट : मुधोळ कुत्रा विमानाने नेताना

परदेशी नोकरीचे पत्र हातात पडले की माणसाचा व्हिसा, घरभाडे, सामान सगळे आठवते. कुत्र्याचे कागद मात्र शेवटच्या महिन्यावर ढकलले जातात आणि तिथेच गाडी अडते. जर्मनीला कुत्रा न्यायचा तर पैशाआधी तारखांचा हिशेब लागतो. प्रवासाची तारीख धरून मागे मोजत यायचे. माझ्या मते यात नव्वद टक्के काम हा क्रम सांभाळण्याचेच आहे.

क्रम असा. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्ततपासणी, मग थांबणे. चिप आयएसओ ११७८४/११७८५ प्रतीची, १५ अंकी हवी. चिपच्या आधी दिलेली लस युरोपसाठी मोजतच नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. दोन्ही एकाच दिवशी चालते, पण चिप आधी टोचून, रीडरवर नंबर वाचून, तो लसीच्या पुस्तकात लिहून मगच सुई. बेळगावात सगळ्याच दवाखान्यांत चिप तयार नसते, तेव्हा आधी फोन करून विचारावे. पिल्लू असेल तर रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत चालत नाही.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढतात. युरोपीय संघ रेबीजच्या बाबतीत भारताला यादीबाहेरचा देश मानतो, म्हणून शरीरात प्रतिपिंडे तयार झाल्याचा पुरावा लागतो : दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त. तपासणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुत्रा तिथे उतरू शकत नाही. अहवाल कधी हातात आला याला इथे किंमत नाही. १ जूनला चिप आणि लस, ५ जुलैला रक्त, तर ५ ऑक्टोबरच्या आधीच्या तारखेचे तिकीट काढू नये. आकडा ०.५ च्या खाली आला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तीन महिने. म्हणून ३० व्या दिवशीच रक्त काढायची घाई मी कुणाला सुचवणार नाही, चार दिवस जास्त जाऊ द्यावेत.

प्रयोगशाळेला नुसते रक्त पाठवत नाहीत, सीरम पाठवतात. रक्त गोठू द्यायचे, सेंट्रिफ्यूजवर (नळी वेगाने फिरवणारे यंत्र) फिरवायचे, वरचा पिवळसर द्रव वेगळ्या नळीत घ्यायचा. द्रव लालसर दिसला तर रक्तपेशी फुटल्या आहेत. तसला नमुना प्रयोगशाळा परत पाठवू शकते. नळीवर चिपचा नंबर हवाच. थंड पॅकसह सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करावा, शुक्रवारी दिलेले पार्सल शनिवार-रविवार गोदामात तापत बसते. एकदा पास झालेला अहवाल पुढे लस वेळेवर देत राहिल्यास कायम चालतो. बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस, एक दिवस जरी उशिरा झाला तरी सगळे पहिल्यापासून.

आता आपल्याकडची खास अडचण. सरकारी शिबिरातली लसीची पावती बहुधा कन्नडमध्ये असते आणि तिच्यावर चिपचा नंबर नसतो. ती पुढे कामाची नाही. इंग्रजी पुस्तक हवे, त्यात लसीचे नाव, उत्पादक, बॅच नंबर, दिल्याची तारीख, मुदत, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. निपाणी-चिकोडीकडचे लोक दवाखान्यासाठी कोल्हापूर गाठतात. डॉक्टर नोंदणीकृत असले की राज्य कुठले याने फरक पडत नाही. फरक पडतो तो नावांनी. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे अधिकृत नाव बदलले, त्यामुळे अनेकांच्या जुन्या कागदांवर बेलगाम आणि आधारवर बेळगावी आहे. कुत्र्याच्या प्रत्येक कागदावर मालकाचे नाव आणि पत्ता पासपोर्टवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर, ठेवावा. लस वडिलांच्या नावाने आणि तिकीट मुलाच्या नावाने, हा घोळ आपल्या घरांत हमखास होतो.

पिंजऱ्यावर मात्र जरा थांबायला हवे, कारण बाजारातले पिंजरे लॅब्रेडोर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि मुधोळची अंगलट वेगळी. पाय लांब, छाती खोल, अंग अरुंद. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे माप असे : नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी, ही पिंजऱ्याची आतली लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट, ही रुंदी. उभ्या कुत्र्याची डोक्यापर्यंतची किंवा कानाच्या टोकापर्यंतची, जी जास्त ती, आणि अंथरुणाची जाडी, ही उंची. कुत्र्याला भिंतीला लावून उभे करावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी, मग टेप लावावी. मुधोळ मापाच्या वेळी मान खाली घालतो. समोर कुणीतरी भाकरीचा तुकडा धरला की बरोबर उभा राहतो.

समजा लांबी ८२, कोपर ४२, उंची ८७ सेंटीमीटर आली. म्हणजे आत १०३ लांब आणि ९० उंच जागा हवी. तयार प्लॅस्टिक पिंजऱ्यांत ७०० नंबरचा मोठा पिंजराच घ्यावा लागतो, बाहेरून साधारण १२२ × ८१ × ८९, आणि त्यातही उंची अपुरीच. शिवाय कार्गोचे भाडे खरे वजन आणि घनफळी वजन यांतले जे जास्त त्यावर लागते. घनफळी वजन म्हणजे तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ६०००. या पिंजऱ्याचे ते १४७ किलो होते, आत २४ किलोचा कुत्रा असला तरी. प्लायवूडचा मापात करून घेतला, आत १०५ × ५६ × ९० आणि बाहेर १११ × ६२ × ९७, तर १११ किलो. उंची पुरते आणि ३६ किलोंचे भाडे वाचते. खांद्याच्या दुपटीपेक्षा रुंदी मुद्दाम जास्त ठेवली, कारण कुत्र्याला आत वळता आलेच पाहिजे.

साध्या लाकडाला आयएसपीएम १५ चा, म्हणजे कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा, शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. आडव्या पट्ट्या साध्या लाकडाच्या असतील तर त्यांना लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत निर्यातीची खोकी करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही, घराजवळच्या सुताराला लागते. चारही बाजूंना हवेची छिद्रे, दाराला धातूची मजबूत जाळी आणि कडी, बाहेरून पाणी ओतता येतील असे दारालाच बसवलेले दोन वाडगे, खाली शोषून घेणारे अंथरूण. गवत, भुसा नको. खिळ्यांऐवजी बोल्ट मारून घ्यावेत. मोठ्या गाडीचेही मागचे दार सहसा ९७ सेंटीमीटर उंच नसते. बोल्ट असले की पिंजरा सुटा करून नेता येतो आणि विमानतळावर पोहोचल्यावर जोडता येतो.

पिंजऱ्याची सवय घरीच लावावी. जेवण आतच, दार उघडे, मग थोडा वेळ बंद, मग रात्रभर. रानात मोकळा पळणारा कुत्रा चार दिवसांत शिकत नाही. गणपतीत हे सुरू करू नये, ढोल-फटाक्यांची भीती त्या खोक्याला चिकटून बसते. झोपेचे औषध अजिबात नको : रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि गुंगीतला कुत्रा विमान कंपनी घेतही नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती अनेक कंपन्या नाकारतात, त्यांनी आधी तेच विचारावे.

निघायच्या आठवड्यात बेंगळूरु किंवा मुंबईच्या पशु क्वारंटाइन कार्यालयाचे प्रमाणपत्र घ्यायचे. अर्ज ऑनलाइन, पण कुत्रा प्रत्यक्ष दाखवावा लागतो. युरोपचे आरोग्य प्रमाणपत्र सही झाल्यापासून १० दिवसच प्रवेशासाठी चालते, म्हणून लवकर करून ठेवण्यात अर्थ नाही. मालकाचा प्रवास कुत्र्याच्या प्रवासाच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत असेल तरच तो पाळीव प्राणी, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात. बेळगावहून बेंगळूरु काय, मुंबई काय, अंतर दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. मी बेंगळूरुकडे झुकेन, हुबळी-दावणगेरे-चित्रदुर्ग हा रस्ता सरळ आहे आणि घाटही नाही. सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून, छोट्या विमानाने न्यायचा विचार पिंजऱ्याची उंची कळवून पक्का होकार आल्याशिवाय करू नये.

इतर देशांचे थोडक्यात. ब्रिटनला रक्ततपासणीखेरीज पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचे (पोटातल्या जंतांचे) औषध लागते आणि कुत्रा कार्गोनेच जातो. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारत जास्त धोक्याच्या यादीत आहे आणि सहा महिन्यांखालचे पिल्लू जातच नाही. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेता येत नाही.

फ्रँकफर्टला पशुवैद्यक आधी चिप वाचतात, मग कागद पाहतात. मूळ कागद जवळ, प्रती पारदर्शक पाकिटात पिंजऱ्यावर. चिप खांद्यावरून सरकून पुढच्या पायाकडे गेलेली असते कधीकधी, तेव्हा ती कुठे वाचली जाते हे निघण्यापूर्वी रीडरवर पाहून ठेवावे आणि तिथे बोट दाखवावे. त्यानंतर नव्या गावच्या पालिकेत कुत्र्याची नोंद आणि वार्षिक कर. काही राज्यांत विमाही सक्तीचा आहे.