खान्देशी म्हणजे सगळे सारखेच?

नाशिकच्या सिडकोत आमच्या शेजारी धुळ्याच्या काकू राहायला आल्या आणि आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, खान्देशी लोक म्हणजे मिरचीशिवाय घास उतरत नाही. संध्याकाळी काकूंकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, झालं, मुद्दा सिद्ध! आणि आपण नाशिककर म्हटलं की लगेच पंचवटीचे वेगळे, गंगापूर रोडचे वेगळे, नाशिकरोड तर जणू दुसरं शहरच, म्हणजे आपल्यात शंभर प्रकार आणि समोरचे सगळे एका साच्यातले.

१९८० मध्ये अमेरिकेत क्वात्रोन आणि जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रिन्स्टन आणि रटगर्सच्या पोरांवर तपासलं होतं, दुसऱ्या कॉलेजातला एकजण काय करतो ते बघून पोरं सरळ धरून चालली की तिकडचे बहुतेक तसंच करणार, स्वतःच्या कॉलेजबद्दल मात्र एवढी घाई नाही.

गंमत म्हणजे आईचं माहेर सटाण्याचं, तिथेही अहिराणीच बोलतात. काकूंनी अहिराणीत काहीतरी विचारलं तर आई पटकन त्याच भाषेत उत्तर देऊन मोकळी. मग दोघी मिळून अर्धा तास जळगाववाल्यांना नावं ठेवत बसल्या, म्हणे ते सगळे भरिताच्या वर जातच नाहीत.