नव्या लॅपटॉपला दोष देण्याआधी एरर वाचा

हिंगणा एमआयडीसी घ्या की बुटीबोरी, स्टॉकचा जुना सर्व्हर वर्षानुवर्षं कोपऱ्यात चालू असतो, मग कुणीतरी उबंटू २२.०४ (लिनक्स) वाला नवा लॅपटॉप आणतं आणि कनेक्शनच होत नाही, बाजूच्या जुन्या पीसीवर मात्र सगळं सुरळीत. "भाऊ, हा लॅपटॉप काहून असा करून राहिला?"

लॅपटॉप बरोबरच करून राहिलाय! दोन मशीनमधलं बोलणं एन्क्रिप्ट करायची पद्धत म्हणजे टीएलएस, आणि ते काम करणारी लायब्ररी म्हणजे ओपनएसएसएल. सर्व्हर सेंटओएस ५ या जुन्या लिनक्सवर असेल तर त्यात ओपनएसएसएल ०.९.८, त्याला टीएलएस १.० च्या पुढचं येतच नाही, आणि हे १.० आहे १९९९ चं. टीएलएस १.२ आलं २००८ ला, पण ओपनएसएसएलमध्ये २०१२ ला, १.०.१ पासून. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफनं १.० आणि १.१ दोन्ही मोडीत काढले, उबंटूनं तर २०.०४ पासूनच १.२ च्या खालचं डिफॉल्ट बंद केलं होतं.

म्हणून एरर नीट वाचा. 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' म्हणजे व्हर्जनचा लोचा, 'डीएच की टू स्मॉल' म्हणजे गुप्त किल्ली ठरवताना (डीएच म्हणजे डिफी-हेलमन) सर्व्हर बहुतेक १०२४ बिटची छोटी की देतोय, 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड' म्हणजे रीनिगोशिएशनमधल्या (चालू कनेक्शनमध्ये पुन्हा बोलणी करण्यातल्या) सुरक्षेच्या भोकाची २०१० ची दुरुस्ती त्या सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. तिघांचे इलाज वेगळे.

टेस्ट करताना एक गोष्ट फार लोकांना चकवते. एस-क्लायंटला (ओपनएसएसएलची कनेक्शन तपासायची कमांड, s_client) टीएलएस १.० नं कनेक्ट कर सांगितलं तरी नवीन ओपनएसएसएल आपल्याच बाजूनं अडवतं, सर्व्हरपर्यंत काही जातच नाही, आणि लोक समजतात सर्व्हरलाच १.० येत नाही. कमांडच्या सायफर सेटिंगमध्ये सेकलेव्हल (ओपनएसएसएलची सुरक्षेची कडक पातळी) ० द्या, मग खरं उत्तर मिळतं.

पण हेच सेकलेव्हल ० सगळ्या लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये टाकून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही, कारण सिस्टीमचं ओपनएसएसएल वापरणारे बाकीचे प्रोग्रामही त्यासोबत ढिले पडतात. सर्व्हर बदलेपर्यंत मध्ये एक एनजिनएक्स (मधला दुवा म्हणून चालणारा वेब सर्व्हर) लावा, लॅपटॉपकडे टीएलएस १.२ आणि १.३, मागे त्या म्हाताऱ्या सर्व्हरशी १.०, ढिलाई फक्त तेवढ्या एका जोडणीत. आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त एनजिनएक्सचा आयपी सोडा, बाकी सगळं बंद, नाहीतर कुणीतरी जुना पीसी घेऊन परत थेट जोडणारच.