लेकीला नागपूरला वाढवायचं का?

शनिवार, तान्हा पोळा, ऑगस्ट २०२५

नवऱ्याला नागपूरच्या मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीनं बोलावलं आहे. काम साधारण आताचंच, पगार पुण्यापेक्षा बराच कमी. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. तो सांगलीचा, नागपूर ही त्याची सासुरवाडी. मी इथलीच, त्रिमूर्तीनगरात वाढलेली. या विषयात माझ्या मताला तो फारसं वजन देत नाही आणि त्याचं बरोबरच आहे, माहेर कोणाला वाईट दिसतं? म्हणून या सुट्टीत मी ठरवून आले आहे की घर बाजूला ठेवायचं आणि गाव बघायचं. सहा वर्षांच्या पोरीची आई म्हणून बघायचं.

पण आलो नेमके तान्हा पोळ्याला. आज गाव तटस्थपणे बघणं कठीण होतं.

सकाळी दादा लेकीला खांद्यावर बसवून मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, दाखवायला घेऊन गेला, मीही मागोमाग. इतवारी-महाल भागात मुंगी शिरायला जागा नव्हती. काळी आणि पिवळी, दोन्ही मारबतींची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी. सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्याला ज्याचा ताप झाला त्याचे पुतळे. पिवळी मारबत जवळ आली तशी लेक घाबरली आणि दादाच्या डोक्याला घट्ट धरून बसली. मग सगळे ओरडायला लागले, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" तेव्हा तीही ओरडली. घरी येईपर्यंत विचारत होती, कुठे घेऊन जाते? आणि परत नाही ना येत?

संध्याकाळी तान्हा पोळा. माळ्यावरून दादाचा लहानपणीचा लाकडी बैल काढला, आईनं त्याची चाकं तेल घालून फिरती केली, शिंगांना बेगड लावली. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा पोरांचा सण विदर्भाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही. पुण्यात मैत्रिणींना समजावून सांगताना मी नेहमी अडखळते. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी पोरं आपले लाकडी बैल ओढत घरोघरी जातात, बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात. दहाची नोट, चॉकलेट, काही घरी अजून लाडू. आमच्या गल्लीत लेकीला प्रत्येक दारात एकच प्रश्न, "कोणाची गं तू?" आधी ती माझं नाव सांगत होती. दोन-तीन घरांनंतर तिला कळलं की इथं आजोबांचं नाव सांगितलं की काम लवकर होतं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला ओळखणारी इतकी माणसं झाली होती जितकी कोथरूडच्या आमच्या इमारतीत गेल्या चार-पाच वर्षांत झाली नाहीत.

एक गोष्ट मात्र मी बघत होते. दार उघडणारे जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे. बैल घेऊन फिरणारी पोरं मोजकी, त्यातलीही निम्मी आमच्यासारखी सुट्टीला आलेली. कोपऱ्यावरच्या काकांचा एक मुलगा बंगळुरूला, एक अमेरिकेत. त्यांनी लेकीच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि मला म्हणाले, "शिकले तर इथंच ना पोट्टे. कमवायले गेले."

रविवार

काकांचं वाक्य डोक्यातून जात नाही. शिकले इथं, कमवायला गेले.

शिक्षणाला नागपूर कधीच कमी पडलं नाही. विद्यापीठ १९२३ चं, मेडिकल १९४७ चं, ज्याला आम्ही अजून व्हीआरसीई म्हणतो ते व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. गेल्या दहा-बारा वर्षांत आयआयएम आलं, ट्रिपल आयटी आलं, विधी विद्यापीठ आलं, एम्स आलं. पोरगी डॉक्टर व्हायची म्हणाली किंवा इंजिनिअर, तिला शिकायला गाव सोडायची गरज नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू केलेली मिल, सगळ्या शहराचं घड्याळ तिच्या भोंग्यावर चालायचं असं आजी सांगायची. मिल बंद पडली, त्या जागी आता मॉल आहे. त्याआधी १९५६ मध्ये राजधानीपण गेलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असलेलं शहर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि त्याच्या वाट्याला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन उरलं. सरकारी कचेऱ्या गेल्या, नंतर गिरण्या गेल्या. मग मी शाळेत असल्यापासून ऐकत आले की मिहान येऊन राहिलं. आलंही. टीसीएस आली, इन्फोसिस आली, एचसीएल आली. पण ज्या वेगानं पोरं कॉलेजातून बाहेर पडतात त्या वेगानं नाही आलं. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नागपुरात राहणाऱ्यांची नावं मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते.

आज आईशी याच गोष्टीवरून थोडं वाजलं. ती म्हणाली, "मग काय झालं, आम्ही वाढवलं ना तुम्हाला?" वाढवलंत, चांगलंच वाढवलंत. पण तेव्हाच्या शहरात बाबा होते, काका होते, मामा होता. सगळे तिशी-चाळिशीतले, सगळे कामावर जाणारे आणि साडेसहाला घरी येणारे. लेकीला ते शहर मिळणार का, हे मला बघायचं आहे.

रविवार, रात्री

वाईट बाजू लिहून ठेवते, नाहीतर माझ्याकडून टाळली जाईल.

उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला होता. आम्ही लहानपणी कूलरच्या वाळ्याच्या वासात, पन्हं पीत दिवस काढले आणि त्याची आठवण गोड वाटते. पण तेव्हा आम्ही दुपारी बाहेर पडायचोच नाही. एप्रिल ते जून असे अडीच महिने सहा वर्षांचं मूल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, ते यामुळेच.

हवा. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत आणि नदीत गेली. दक्षिण-पश्चिम नागपूर तिथून लांब आहे, हे खरं. पण "आपल्या भागात त्रास नाही" एवढ्यावर समाधान मानून शहर निवडायचं हे मला पटत नाही.

पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. माणसं गेली. माझ्या मावशीच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं, फ्रिज तरंगत होता. नदीला ज्यांनी नाला केलं आणि मग त्या नाल्यावर बांधकामं केली त्यांचा मला आजही राग येतो, कारण हे आभाळातून पडलेलं संकट नव्हतं.

आणि मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास गळे कापल्याच्या बातम्या येतातच. दादा जानेवारीत पोरांना स्कूटरवर पुढे उभं करत नाही. वहिनी सगळ्यांच्या गळ्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय फाटक उघडत नाही. इथं राहायला आलो तर मला हे करावं लागेल.

सोमवार

नवऱ्याशी फोनवर तासभर बोलले. तो रोज कोथरूडहून हिंजवडीला जातो. जाऊन येऊन तीन तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. आठवड्यातले चार दिवस तरी तो पोचतो तेव्हा लेक झोपलेली असते. त्रिमूर्तीनगरहून मिहान स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत. हा हिशेब त्यालाही येतो, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, "आपण पगार सोडून यायचं, तिला तिथं वाढवायचं आणि बाविसाव्या वर्षी तिनं पुण्यालाच नोकरीला यायचं. मग आपण नेमकं काय केलं?"

याचं उत्तर मला तिथल्या तिथं देता आलं नाही. दुपारी पोरीला रमण विज्ञान केंद्रात घेऊन गेले, तिथंही हेच चालू होतं डोक्यात.

मला वाटतं तो दोन प्रश्न एकत्र करतो आहे, आणि इथला प्रत्येक आईबाप हेच करत आला आहे. बालपण कुठं जावं हा एक प्रश्न. मोठेपणी काम कुठं मिळेल हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सोळा वर्षांनंतरचं आहे आणि ते आज कोणालाच देता येणार नाही. पहिल्याचं उत्तर आजचं आहे. बाबा संध्याकाळी घरी असणं, आजी-आजोबा चालत जाण्याच्या अंतरावर असणं, गल्लीत "कोणाची गं तू" विचारणारी माणसं असणं. हे तिला सहाव्या वर्षी हवं, बाविसाव्या वर्षी मिळून उपयोग नाही.

पण एवढ्यानंही माझं पूर्ण समाधान होत नाही. कारण आमच्या पिढीला नागपूरनं एक गोष्ट न बोलता शिकवली: हुशार म्हणजे बाहेर गेलेला. ज्याचं छान चाललंय तो पुण्याला, बंगळुरूला, बोस्टनला. जो इथं राहिला त्याच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो, "घरच्या जबाबदाऱ्या होत्या ना त्याच्यावर". मी स्वतः हे ऐकत वाढले आणि मला ते खरं वाटत होतं. गल्लीत म्हातारे आहेत, थोडी पोरं आहेत, मधली पिढीच नाही. मुलं जे समोर बघतात तेच शिकतात. तिशीतलं कोणी इथं मनापासून काम करताना, घर चालवताना दिसलं नाही तर लेकही हेच धडे घेईल, आणि मग नवऱ्याचं म्हणणं खरं ठरेल.

म्हणजे आम्ही यायचं तर तिला दिसेल असं जगायला यायचं. तडजोड करून आलेली माणसं म्हणून आलो, रोज जेवताना पुण्याच्या पगाराचा विषय काढत बसलो, तर न आलेलं बरं. हे मी त्याला रात्री मेसेज करून लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "याच्यावर विचार करतो. हे पटण्यासारखं आहे."

गेल्या महिन्यात इथली दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. दादाच्या मुलीला तेव्हापासून बुद्धिबळाचा क्लास हवा आहे. जग जिंकणारी पोरगी आपल्याच शहरात राहते, हे तिला माहीत आहे. मला तिच्या वयाची असताना असं कोणी माहीत नव्हतं.

मंगळवार, गाडीत

नागपूरच्या अजनी स्टेशनवरून निघालो. याच महिन्यात सुरू झालेली वंदे भारत, पुण्यापर्यंत बारा तास. आईबाबांना गरज पडली किंवा सांगलीला कोणी आजारी पडलं, तर आता एका दिवसात पोचता येतं. नवऱ्याच्या आईला हा मुद्दा सगळ्यात आधी सांगणार आहे, कारण त्यांच्यासाठी नागपूर म्हणजे परदेश. त्यांचा एकुलता एक मुलगा आणखी लांब जाणार आहे. या सगळ्यात ज्यांचं खरं नुकसान आहे त्या त्याच, आणि आतापर्यंत आम्ही दोघांनी त्यांना काही विचारलेलंच नाही. उद्या गणपती, त्या येणार आहेत. गणपती बसले की लगेच बोलायचं.

बाकी माझं ठरलं आहे. त्यानं हो म्हटलं तर घर नरेंद्रनगर किंवा त्रिमूर्तीनगरकडे, भाड्यानं, पहिल्या मजल्यावर किंवा वर, नदीनाल्यापासून लांब. खोलीला एसी, त्याचा खर्च पगाराच्या हिशेबात आधीच धरायचा. पहिलीचं वर्ष अर्धवट तोडायचं नाही, शाळा पुढच्या जूनपासून. दादाला दोन-तीन शाळांत चौकशी करायला सांगितलं आहे. वर्गात पोरं किती आणि मैदान आहे का, एवढंच विचार म्हटलं, निकालाचे आकडे नकोत.

लेक विचारते आहे की लाकडी बैल पुण्याला का नाही आणला. पुढच्या वर्षी लागेल म्हणून तिथंच ठेवला, असं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे आपण पुढच्या वर्षी येणार की असणार?" बाबाला विचारू, म्हटलं. तिनं माझा फोन घेतला आणि लगेच त्याला लावला.